बेटावर अनोळखी राहता येत नाही, ताई

ताईंचं पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. वय ५१, ठाण्याला राहतात. मिस्टर जाऊन दोन वर्षं होत आली. मुलगी बंगलोरला, तिचं लग्न झालंय. ताई एका आयरिश कंपनीचे अकाउंट्स घरून बघतात, महिन्याला २ लाख ४० हजारांच्या आसपास हातात येतात. मागच्या सप्टेंबरात टूरबरोबर सँटोरिनी आणि नॅक्सॉस बघून आल्या आणि तेव्हापासून डोक्यात एकच, की ठाण्याचा फ्लॅट विकायचा आणि एखाद्या ग्रीक बेटावर जाऊन एकटीने राहायचं. फोलेगांद्रोस बेटावरचं एक घरही नेटवर बघून ठेवलंय, ऑक्टोबर ते मे, भाडं ठाण्यातल्या टू बीएचकेपेक्षा कमी. लिहितात, "मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचंय. इथे लिफ्टमध्येसुद्धा लोक मला बघून चेहरा पाडतात." मुलगी म्हणते आई तू पळून चालली आहेस, दीर म्हणतात डोकं फिरलंय. ताईंचा प्रश्न असा की हे खरंच वेड आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करू.

ताई, वेड नाहीये हे आधी सांगून टाकते. पन्नाशीनंतर एकट्या बाईने देश बदलणं कठीण आहे, खर्चिक आहे, कागदपत्रांचा प्रचंड वैताग आहे, पण वेड नाही. मी बरीच वर्षं अथेन्सला राहते, कामामुळे बेटांवर सारखं जाणं होतं, हिवाळ्यातही होतं, आणि तिथे मी अशा बायका बघितल्यात, जर्मन, डच, इंग्लिश, नवरा गेल्यावर किंवा घटस्फोटानंतर एकट्या आलेल्या आणि आता व्यवस्थित रमलेल्या. एकदोन हिवाळ्यांत सामान आवरून परत गेलेल्याही बघितल्या. पैसा दोघींकडे सारखाच होता, भाषा दोघींनाही येत नव्हती. फरक होता तो कशासाठी आलो हे माहीत असण्यात. म्हणून मी तुमच्या त्या एका वाक्यापासून सुरू करते, व्हिसा-बिसा नंतर बघू.

तुम्हाला कोणी ओळखत नाही अशी जागा हवीये. मग बेट ही चुकीची जागा आहे. फोलेगांद्रोसची वस्ती सातशेच्या आसपास, उन्हाळा संपला की त्यातलेही कितीतरी जण अथेन्सच्या घरी निघून जातात. तुम्ही दुपारी बोटीतून बॅग ओढत उतरलात की संध्याकाळपर्यंत बेकरीवालीला माहीत असतं की एक भारतीय बाई आलीये, कोणाच्या घरात राहतेय, किती दिवस राहणार. आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड घ्यायला गेलात की प्रश्न सुरू, कुठून आलात, मुलं किती, नवरा कुठेय, एकट्या कशा. कोकणात संध्याकाळच्या एसटीतून नवीन माणूस उतरला की जे होतं ना, अगदी तेच. यात वाईट हेतू नसतो, उत्तर दिलंत तर चार दिवसांनी दारात लिंबांची पिशवी ठेवलेली सापडेल, पण उत्तर द्यावं लागतं. "माझे मिस्टर गेले" हे ठाण्यात आता तुम्हाला कोणाला सांगावं लागत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिथे हे वाक्य पहिल्या महिन्यात येता-जाता उच्चारावं लागेल, ते पण मोडक्या इंग्लिशमध्ये, भाजी घेताना, गॅसचा सिलिंडर मागताना, केमिस्टकडे बीपीच्या गोळ्यांचं नाव सांगताना. याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा, मला नका सांगू.

आणि आता याची दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला घाबरवायचं नाहीये. तुम्हाला ठाण्यात नेमकं काय टोचतंय ते मला कळलंय असं वाटतं. लोकांना माहीत आहे हे टोचत नाही, माहीत असून कोणी तुमच्या मिस्टरांचं नाव काढत नाही हे टोचतं. बेटांवर तसं नाहीये. तिथे नवरा गेलेल्या बायका एकट्या राहतात ही रोजची गोष्ट आहे, जुन्या पिढीतल्या तर आयुष्यभर काळे कपडे घालतात, आणि भर बाजारात टोमॅटो निवडता निवडता "माझ्या यॉर्गोसला हे असले कच्चेच आवडायचे" असं मोठ्याने बोलतात, आजूबाजूचे मान हलवतात आणि पुढे भाव विचारतात. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये स्मरणविधी होतो, वर्षाने पुन्हा होतो, आणि तेव्हा कोलिवा करतात. गहू उकडून, रात्रभर कापडावर पसरून पार कोरडा करायचा, मग त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, दालचिनी, आणि ताटात घालून वरून पिठीसाखरेचा जाड थर दाबून सपाट करायचा, त्यावर चांदीच्या गोळ्यांनी क्रॉस आणि कधी गेलेल्या माणसाच्या नावाची अक्षरं. विधी झाला की छोट्या कागदी पिशव्यांतून सगळ्यांना वाटतात, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या, सगळ्यांना. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या मोठ्या उपासांच्या आधी एक शनिवार सगळ्याच मृतांचा असतो, त्या दिवशी घरोघरच्या बायका आपापली ताटं आणि नावांच्या चिठ्ठ्या घेऊन चर्चमध्ये येतात आणि पाद्री ती सगळी नावं एकामागून एक वाचत राहतो. मी एकदा मागे उभी राहून ऐकलंय, फार वेळ चालतं ते, आणि कोणी घाई करत नाही. हे तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही जे शोधताय ते कदाचित अनोळखीपण नसेलच, अशी माणसं असतील ज्यांच्यासमोर मिस्टरांचं नाव घेतलं तर खोली गप्प होत नाही. तसं असेल तर बेट चालेल, खूप छान चालेल.

आणि जर खरोखर, विचार करून, अनोळखीपणच हवं असेल तर मोठ्या शहरात या. अथेन्समध्ये पांग्राती किंवा किप्सेलीसारख्या वस्तीत कोणी ढुंकून बघत नाही. बेटच हवं तर क्रीट आहे, ८००० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, हेराक्लिओन तर चांगलं गजबजलेलं शहर आहे, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे, विमानतळ वर्षभर चालू. क्रीटवरचंच हानिया शहर दिसायलाही सुंदर आहे. तिथे समुद्र पण आहे आणि गर्दीत हरवता पण येतं.

आता त्या फोलेगांद्रोसच्या घराचं. नको. सरळ सांगते, नको. त्या जाहिरातीत ऑक्टोबर ते मे लिहिलंय ना, ते नीट वाचा, त्याचा अर्थ मे संपला की घर रिकामं करायचं, कारण उन्हाळ्यात तेच घर पर्यटकांना रोजच्या भावाने जातं. बेटांवरची ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे आज, सरकारी शाळेत बदली होऊन आलेल्या मास्तरांना आणि डॉक्टरांना राहायला घर मिळत नाही, काहींना सीझन लागला की बाहेर काढतात. मग ऐन जूनमध्ये, जेव्हा सगळं महाग, तुम्ही दोन बॅगा घेऊन कुठे जाणार? शिवाय फोलेगांद्रोसला विमानतळ नाही, हॉस्पिटल नाही, प्राथमिक दवाखाना आहे, हिवाळ्यात बोटी मोजक्या. मोठं काही झालं तर पेशंटला हेलिकॉप्टरने नाहीतर बोटीने हलवतात, आणि हवा खराब असेल तर थांबावं लागतं. तुम्हाला बीपी आहे, गुडघा कुरकुरतो असंही लिहिलंय. अशा बेटांवरच्या गल्ल्यांत बऱ्याचदा पायऱ्या असतात, लहान बेटांवर नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्यासारखं नसतं, पाण्याच्या बाटल्यांचे सहा-सहाचे गठ्ठे स्वतः उचलून वर न्यायचे. एकटं राहणं म्हणजे हे पण, रोजचं.

तुम्ही सप्टेंबर बघितलाय. सप्टेंबर हा बेटांवरचा सगळ्यात गोड महिना, समुद्र कोमट, गर्दी ओसरलेली, वारा पडलेला, टॅव्हर्नावाले सीझनचे पैसे कमावून खूश. ऑक्टोबर संपता संपता खुर्च्या उलट्या करून आत जातात, काचांना आतून कागद लागतात आणि ज्या गल्लीत तुम्ही आइस्क्रीम खाल्लंत तिथे फक्त मांजरं उरतात. पाऊस येतो, आणि मग दक्षिणेचा वारा, नोतियास म्हणतात, जो घरात ओल घेऊन येतो. ती पांढरी दगडी घरं उन्हाळ्यासाठी बांधलीत ताई. सेंट्रल हीटिंग बऱ्याच घरांत नसतंच, एसी उलटा चालवून किंवा लाकडाच्या शेगडीवर एक खोली गरम करायची आणि तिथेच बसायचं. मी सीरॉस बेटावर एका जानेवारीत अशा घरात राहिले, हवेतली ओल शोषणाऱ्या डिह्युमिडिफायरची टाकी सकाळी रिकामी केली की संध्याकाळी भरलेली, मीठ बरणीत दगड झालेलं, अंथरूण रोज रात्री गारढोण, कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळी बुरशी, व्हिनेगरने पुसली की आठवड्यात परत. ठाण्याच्या पावसाळ्याची सवय आहे म्हणाल, पण त्या ओलीत थंडी नसते, इथे तापमान दहा-बारा डिग्री दाखवतं आणि हाडं दुखतात. बाहेर मात्र ऊन. कित्येकदा घरापेक्षा रस्त्यावर उबदार असतं, म्हणून सगळे म्हातारे खुर्च्या घेऊन भिंतीच्या उन्हाला येऊन बसतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अधूनमधून असे स्वच्छ, बिनवाऱ्याचे दिवस लागतात, अल्कियोनिदेस म्हणतात त्यांना, तेव्हा वाटतं की आयुष्यभर इथेच राहावं. आणि मग वारं सुटतं, वाऱ्याच्या बोफोर्ट मापावर आठ-नऊ, पोर्टवाले बोटी बंद करतात, अपागोरेफ्तिको, म्हणजे बोटींना बंदी, लागलं असं सगळे एकमेकांना सांगतात, आणि दोन दिवस, कधी तीन दिवस ना कोणी येत ना कोणी जात. सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा पालेभाज्या संपतात. तुमचं मुंबईचं विमान त्यातच असेल तर गेलं. बेटावरची अनुभवी माणसं विमानाच्या आधी अथेन्समध्ये एकदोन रात्री हाताशी ठेवूनच तिकीट काढतात.

म्हणून माझं म्हणणं असं, राहायला जाण्याआधी एक हिवाळा बघा, आणि तो सीरॉसला बघा. सीरॉसचं नाव टूरवाल्यांच्या पत्रकात फारसं नसतं, पण तिथलं एर्मूपोली शहर ही सायक्लेड्स या बेटसमूहाची राजधानी, कोर्ट, सरकारी ऑफिसं, हॉस्पिटल, शाळा, कॉलेज, शिपयार्ड सगळं आहे, वीस हजारांच्या वर लोक वर्षभर राहतात आणि त्यांची पोटं फक्त पर्यटकांवर अवलंबून नाहीत. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साधी बोट चार तासांच्या आत पोचते. १८६४ साली बांधलेलं अपोलो थिएटर आहे, हिवाळ्यातही तिथे कार्यक्रम होतात. टेकडीवर वरच्या गावात कॅथलिक, खाली ऑर्थोडॉक्स, दोघं शेजारीशेजारी शतकानुशतकं राहतायत. मुख्य म्हणजे नोव्हेंबरात कॅफेत गेलात तर तिथे वकील, शिक्षक, रिटायर्ड खलाशी बसलेले असतात, तुम्ही एकट्या बसलात म्हणून कोणाला काही वाटत नाही, आणि रोज त्याच वेळी त्याच कॅफेत बसलात तर पंधरा दिवसांत कॉफी न सांगता समोर येते. नॅक्सॉस तुम्हाला आवडलंय, तेही वाईट नाही, शेती आहे, बटाटे, चीज, स्वतःचं जगणारं बेट आहे, छोटं हॉस्पिटलही आहे. पण पहिल्या हिवाळ्याला सीरॉस.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचायचं बघा. ६ डिसेंबर सेंट निकोलसचा, खलाशांचा देव, एर्मूपोलीच्या मोठ्या निळ्या घुमटाच्या चर्चचा तोच उत्सव. मग ख्रिसमस, त्याचा फार गाजावाजा नसतो. आणि ६ जानेवारीला बंदरावर सगळं गाव जमतं, पाद्री समुद्रात क्रॉस फेकतो आणि पोरं त्या गार पाण्यात उड्या मारून तो शोधतात, ज्याला मिळेल त्याला वर्ष चांगलं जातं म्हणतात. तिथे जा, मागे उभ्या राहू नका, पुढे जा, लोक जागा करून देतात. नामदिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, तो पण लक्षात ठेवा, इथे वाढदिवसापेक्षा नामदिवस मोठा, त्या नावाच्या माणसाकडे दिवसभर लोक येत-जात असतात. ७ जानेवारीला यानिस आणि योआना, गावात डझनावारी असतात, बेकरीवाल्याचं नाव यानिस निघालं तर हातात मिठाईचा एक पुडा घेऊन जा आणि बघा काय होतं ते.

खाण्याची काळजी करू नका, तुम्ही शाकाहारी आहात हे उलट सोयीचं. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षात इतके दिवस असतात की बिनमांसाचं, बिनदुधाचं जेवण ही इथे विचित्र मागणी नाहीच, "निस्तिसिमो" म्हटलं की समोरचा स्वतःहून चार पदार्थ सांगतो. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा, वर कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. सिफनॉस बेटावर शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात छोले भट्टीत लावतात आणि रविवारी चर्चमधून आल्यावर खातात, रेविथादा, आता बाकी बेटांवरही करतात. ख्रिसमसच्या आधीचे ४० दिवसही उपासाचेच, त्यामुळे डिसेंबरात तुमची चंगळ आहे. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला मात्र बरोबर आणा, भारतीय किराणा अथेन्समध्ये मिळतो, बेटावर विसरा.

आता पैसे आणि व्हिसा, इथे मला तुम्हाला थोडं निराश करावं लागणार आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी ग्रीसने २०२१ मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा आणला, त्याला महिन्याला कर वजा जाता ३५०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. युरो शंभर रुपये धरला तर तुमचे २४०० होतात. कमी पडतात ताई, आणि एजंट काहीही सांगो, हा आकडा कागदावर दाखवावाच लागतो. दुसरा मार्ग आहे पेन्शन, भाडं, डिव्हिडंड अशा उत्पन्नावर राहणाऱ्यांचा, त्यात काम करता येत नाही आणि तिथेही आता ३५०० युरोच मागतात. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा आधी अडीच लाख युरोत मिळायचा, २०२४ च्या सप्टेंबरपासून मायकोनोस, सँटोरिनी आणि ३१०० पेक्षा जास्त वस्तीच्या बेटांवर ८ लाख, बाकी बेटांवर ४ लाख, जुन्या इमारतींचे वगैरे काही अपवाद सोडले तर. म्हणजे सगळ्यात स्वस्तातला सुद्धा चार कोटींच्या घरात. तुमचा फ्लॅट दीड कोटीला जाईल असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे फ्लॅट विकूनही तो दरवाजा उघडत नाही, मग विकायचा कशाला?

पण फ्लॅट न विकण्याचं ते एकच कारण नाहीये. शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा, तो देताना अधिकारी हेच बघतो की ही बाई परत जाईल का, आणि तुमचं स्वतःच्या नावावरचं घर हा त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. २०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनीजवळ भूकंपांची रांग लागली, दिवसाला शेकड्याने धक्के, हजारो लोक दोन-तीन दिवसांत बेट सोडून निघाले, मी पिरेअसला बोटींतून उतरणारी कुटुंबं बघितली, ज्यांचं अथेन्समध्ये घर किंवा भाऊबहीण होती ते सरळ तिकडे गेले, आणि सीझनचे बाहेरून आलेले कामगार धक्क्यावर बॅगांवर बसून फोन करत होते. परत जायला जागा असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते त्या दिवशी कळत होतं. तुमची ती जागा ठाण्याला आहे. तिथे मिस्टरांच्या वस्तू आहेत, प्रत्येक कपात त्यांचा चहा दिसतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच तुम्हाला ते घर विकायचंय, हे मला समजतंय. मग वस्तू आवरा, मुलीला बोलवून दोघी मिळून आवरा, हवं ते तिला द्या, भिंतींचा रंग बदला, तीन महिने जाताना कोणाला तरी राहायला द्या. पण नाव तुमचंच राहू दे त्या घरावर.

तर तुमच्या हातात आज जे आहे ते म्हणजे साधा शेंगेन व्हिसा, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. मागतानाच तेवढे मागा, मिळतील तेवढे घ्या. आणि हा व्हिसा कामासाठी नाहीये, तेव्हा आयरिश कंपनीशी आधीच बोलून बिनपगारी सुट्टी घ्या, लॅपटॉप उघडून गुपचूप काम करायचा बेत नको. तीन महिन्यांचा पगार जाईल, हो, पण तो त्या हिवाळ्याचा खर्च समजा, फ्लॅटपेक्षा स्वस्त पडतो. यात एक चांगली गोष्ट पण आहे. २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम असा झालाय की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नीट, वेळेत वापरले की पुढे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तुमचा सप्टेंबरचा एक झालाय, हा दुसरा. म्हणजे एकही दिवस जास्त न राहता परत आलात तर पुढची काही वर्षं तुम्ही दर हिवाळ्याला, किंवा मधे तीन महिने सोडून वर्षातून दोनदा, सीरॉसला येऊन राहू शकता. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे. हे नवं आयुष्य नाही का? मला तर वाटतं तुमच्यासाठी, आत्ता, हेच जास्त बरोबर आहे, आणि त्या मधल्या काळात तुम्ही अजून एखादा क्लायंट धरून उत्पन्न ३५०० च्या वर नेलंत तर नोमॅड व्हिसाचा अर्ज तेव्हा करता येईल, तोही भारतातूनच करायचा, इथे टुरिस्ट म्हणून येऊन आता तो बदलून मिळत नाही. नियम बदलत असतात, अर्जाच्या वेळी ग्रीक वकिलातीच्या साइटवरचंच शेवटचं धरा.

एकट्या बाईला सुरक्षित आहे का असं विचारलंय, आहे, रात्री अकराला एर्मूपोलीत चालत घरी जाताना मला कधी भीती वाटली नाही. एवढं मात्र सांगून ठेवते की ग्रीसमध्ये भारतीय म्हटलं की बऱ्याच जणांना शेतात राबणारे पंजाबी मजूरच माहीत असतात, अथेन्सच्या आसपास खूप आहेत, त्यामुळे एखाद्या ऑफिसात किंवा बँकेत सुरुवातीला तुसडेपणाने बोलतील, तेव्हा गप्प बसू नका, आणि ग्रीकमध्ये दोन वाक्यं आली तर सूर लगेच बदलतो. तर भाषेला आत्तापासून लागा. २४ अक्षरं आहेत, महिन्याभरात वाचता येतील. औषधाच्या दुकानावरची, बोटीच्या तिकिटावरची पाटी वाचता आली की अर्धी भीती जाते. इमर्जन्सीला ११२, अॅम्ब्युलन्सला १६६, हे फोनमध्ये आजच टाका.

मुलगी म्हणते पळून चाललीस. ती रागावून म्हणतेय असं मला वाटत नाही, बाबा गेले आणि आता आईचं घरही जाणार, ठाण्याला माहेर म्हणून उरणारच नाही, हे तिला खुपत असेल. फ्लॅट विकत नाही एवढं एक वाक्य तिला सांगा आणि मग बघा ती कशी बोलते. तिला जानेवारीत आठवडाभर सीरॉसला बोलवा. दिरांना समजावत बसू नका, परत आल्यावर चहाला बोलवा, पुरे.

डिसेंबरात निघायचं तर अर्ज आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, सप्टेंबरात अपॉइंटमेंट घ्याच, पुढे तारखा मिळत नाहीत. ३०००० युरोचं मेडिकल कव्हर असलेली ट्रॅव्हल पॉलिसी लागते, बीपी लपवू नका त्यात. पूर्ण ९० दिवसांचं पक्कं बुकिंग आधी करू नका, रद्द करता येईल असं बुकिंग दाखवा, आणि प्रत्यक्षात पहिले दहा दिवस हॉटेलात राहून मग गावात फिरून घर बघा, हिवाळ्यात रिकामी घरं असतात, भाव करता येतो. बघायला जाल तेव्हा कपाटं उघडून आतल्या भिंतीला हात लावा, उत्तरेकडचं असेल तर नको म्हणा, आणि मालकाला डिह्युमिडिफायर आहे का ते पहिलं विचारा.